तोंडाची साक्ष

माझ्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या आषाढात, आणि श्रावण लागायच्या आत मी चोर ठरले होते. पंधरा वर्षांची होते. चोरी मी केली नव्हती. पण साक्षीदार माझंच तोंड होतं आणि ते माझ्याविरुद्ध बोलत होतं. त्याला कोण खोडणार?

आमचं गाव घाटावरचं, कोरड्या मुलखातलं. वडील गेले तेव्हा मी मराठी सातवीत होते. शाळेचं पुस्तक परत द्यायला गेले तर गुरुजी म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. शाळा सुटली तरी अक्षर सोडू नकोस. असं अक्षर वर्गात कुणाचं नाही." ते शब्द मी पुढे कितीतरी दिवस खडीसाखरेसारखे तोंडात धरून होते. आईला मामाच्या घरी आसरा मिळाला, पण दोघींना मिळेल असं काही मामीच्या चेहऱ्यावर दिसेना. तेवढ्यात आईच्या मावसबहिणीचा निरोप आला: पोरीला कोकणात नागावला धाड, माझ्या हाताखाली राहील, लग्नाचंही आम्ही बघू.

शिमग्यानंतर निघाले. धरमतरची खाडी तरीच्या होडीतून ओलांडताना मी डोळे गच्च मिटून बसले होते. एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. निघताना आईने तीन गोष्टी बजावल्या होत्या. दुसऱ्यांदा वाढून घेऊ नकोस. तोंडाने काही मागू नकोस. आपल्यामुळे कुणाची खोटी, कुणाचा खोळंबा होऊ देऊ नकोस. त्या मी अक्षरशः पाळल्या, आणि माझ्या दुखण्याचं मूळ त्यातच होतं हे समजायला मला फार वर्षं लागली.

त्या घराचे माझ्यावर उपकार आहेत हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर पुढे जे लिहिणार आहे त्यात ते दिसायचे नाहीत. अंगावर दोन लुगडी त्यांनी घातली. वर्षभर पोटाला घातलं. ताप आला तेव्हा मावशी उशाशी बसून कपाळावर घड्या बदलत होती. आल्या दिवशी तिनेच माझे केस विंचरले आणि म्हणाली, "अगदी ताईचे केस गं." आईनंतर माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात तोवर लागला नव्हता. मी रडले, तर तीही रडली.

घरात मावशी, तिची सासू आणि दोन मुलगे, एक नऊचा, एक सातचा. काका मुंबईला नोकरीला; गणपतीला आणि शिमग्याला येणार. मागे नारळी-पोफळीची वाडी. सासूबाईंना आळीतली सगळी लहानथोर मोठी आई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

मोठी आई जीभ बघायची. हीच तिची आळीभर ख्याती. दर रविवारी सकाळी ओटीच्या पायरीवर बसायची आणि नातवंडांना एकेक करून उजेडात उभं करायची. "काढ. अजून बाहेर काढ. चिंचा खाल्ल्यास." पोरगं नाही म्हणालं की ती त्याची हनुवटी धरून तोंड वळवायची. "जीभ नाही म्हणत नाही. तूच म्हणतोस." मग सुंठीच्या कढत पाण्यात एरंडेल. पोरं ओरडायची, पळायची, माडाला मिठी मारून बसायची. शेजारणी आपापली पोरं घेऊन यायच्या, आणि मोठी आई कुणाच्या पोराने काय चोरून खाल्लं ते बरोबर सांगायची. दहात आठ वेळा खरंही निघायचं. पोरंच ती, कधी ना कधी सगळं चोरून खातातच. तोंड खोटं बोलत नाही, हे तिचं वाक्य. पोट झाकता येतं, तोंड झाकता येत नाही.

ते एरंडेल घरच्या पोरांना असायचं. मला कधी दिलं नाही. मी पाहुणी, शिवाय लग्नाच्या वयाची. माझी जीभ कोण बघणार?

आता जे सांगायचं ते थोडं लाजेचं आहे, पण ते वगळलं तर बाकीचं समजायचं नाही. आमच्या घाटावर माळ उघडा असला तरी माणसाला माणूस लांब असतं. इथे परसाकडे जायचं म्हणजे वाडीच्या पार टोकाला, पाट ओलांडून, केवड्याच्या बनापाशी. पहाटे आळीतल्या चार बायका मिळून जायच्या, गप्पा मारत, हसत. पहिल्या दिवशी मावशीने मला नेलं. त्यातली एक म्हणाली, "घाटावरची पोर बसायलासुद्धा लाजते गं!" सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी डोकं दुखतंय म्हणून निजून राहू लागले. एकटी जावं तर केवड्यात साप असतो म्हणतात. पाऊस लागला आणि पाट भरून वाहू लागला, तेव्हा एकटीने जाण्याचा विचारही संपला.

मग मी एक युक्ती काढली. जायला लागू नये म्हणून खायचंच कमी, आणि पाणी तर त्याहून कमी. शिवाय जन्मभर ज्वारीची भाकरी आणि ताक घेतलेलं पोट, त्याला आता दोन्ही वेळा भात, सुकटीचं कालवण आणि खोबरं. चार-चार, पाच-पाच दिवस परसाकडे होत नसे; अगदीच नाइलाज झाला की मान खाली घालून बायकांच्या मागून जायचे. पोट दगडासारखं, तोंडाला कडवट चव, कपाळ ठणकायचं. कुणाला सांगणार? कुणाची खोटी होऊ द्यायची नव्हती ना.

आषाढात आधी हनुवटीवर दोन पुटकुळ्या आल्या. मग कपाळावर रांग. मग गालांवर लालबुंद, पिकलेल्या, हात लावला तर कळ जाणाऱ्या. पाण्याच्या हंड्यात मी तोंड बघायचे आणि पदर पुढे ओढायचे.

पुष्कळ वर्षांनी, माझ्या मुलीच्या तोंडावर असंच उठलं तेव्हा, एका डॉक्टरांना मी विचारलं होतं, हे पोटाचं असतं का हो? ते म्हणाले, "बाई, या वयात निम्म्या पोरींना हे उठतंच. पोट तुंबलं, झोप नसली, मनाला घोर असला की वाढतं म्हणतात. पण तोंडावरून पोटातलं सगळं वाचता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." मला हसू आलं. ते का, हे त्यांना कसं सांगणार?

कारण आमच्या मोठ्या आईने तर वाचलं होतं.

त्या भागात वैशाख-ज्येष्ठात आंब्याची साठं घालतात. रस आटवायचा, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, उन्हात वाळवायचा, वर पुन्हा थर द्यायचा. आठ दिवसांत चामड्यासारखी पोळी निघते, पण अशी गोड आणि आंबूस की वासानेच तोंडाला पाणी सुटतं. त्या वर्षी रस मावशीने काढला, ताटं तिने उन्हात मांडली, संध्याकाळी तिनेच उचलली; मी काठी घेऊन कावळे हाकलत बसले. घड्या करून घासलेटच्या धुतलेल्या डब्यात भरल्या, वर फडकं बांधलं आणि डबा माळ्यावर, चुलीचा धूर लागेल अशा जागी. ती पावसाची बेगमी. गणपतीत पाहुण्यांसमोर ठेवायची. तोवर हात लावायचा नाही, हा घराचा कायदा.

आषाढ संपत आला तेव्हा साठांना बुरशी तर नाही ना आली हे बघायला मोठ्या आईने डबा खाली काढवला. फडकं सोडलं. गळ्यापर्यंत भरलेला डबा निम्म्यावर आला होता.

ती काहीच ओरडली नाही. "पोरांनो, इकडे या," एवढंच म्हणाली. दोघांना पायरीवर उभं केलं. जिभा बघितल्या, तोंडं वळवून बघितली. दोघांची तोंडं धुतलेल्या वाटीसारखी स्वच्छ. मग तिने मान वळवली.

"तू ये गो."

मी गेले.

"पदर मागे घे. उजेडात हो." तिची कोरडी बोटं माझ्या हनुवटीखाली आली. "हे कशाचं?"

"माहीत नाही, मोठी आई."

"मला माहीत आहे. आंबा म्हणजे आग. आंब्याच्या दिवसांत फोड उठला असता तर मी काही म्हटलं नसतं. आता बाहेर आंब्याचं पान ओलं, घरात आंबा औषधाला नाही, आणि तुझ्या तोंडावर आंबा फुललाय. आला कुठून?"

"मी नाही खाल्ली."

"तू नाही म्हणतेस. तोंड काय म्हणतं?"

मावशी तिथेच सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याकडे बघितलं. मला खात्री होती की ती आता म्हणेल, सासूबाई, ही पानातला भातसुद्धा मोजून खाते, ही कुठून चोरणार? तिने सुपातला एक खडा वेचला, बाजूला टाकला, आणि परत पाखडू लागली.

दुपारी विहिरीवर ती माझ्यापाशी आली. आवाज अगदी मऊ होता.

"कबूल करून टाक."

"पण मावशी, मी—"

"ऐक. म्हातारी कबुलीवर निवळते. नाही म्हणत राहिलीस तर हट्टाला पेटेल, धाडून देईल तुला. या पावसात खाडी कशी ओलांडशील? आणि गेलीस तर ताईने तुला ठेवायचं कुठे? तुझ्या मामीच्या उंबऱ्यात? चार शब्द बोलायचे, चुकले म्हणायचं, मिटलं. मी आहे ना."

मी आहे ना. या तीन शब्दांसाठी मी काहीही केलं असतं. आईवर ओझं पडू नये, मावशीची खोटी होऊ नये, हे घर सुटू नये. मी गेले आणि मोठ्या आईच्या पाया पडून म्हटलं, "चुकले. मी खाल्ली."

"हां," ती म्हणाली. तिला आनंदच झाला. तिचं वाचन खरं निघालं होतं. "आता तोंड उतरेल तुझं. पण ज्याची पोर त्याला कळवलं पाहिजे. उद्या लग्नाच्या वेळी आमच्यावर बोल नको."

त्या घरात पत्र लिहिता येणारी मी एकटीच होते. काकांना जाणारी पत्रंही मीच लिहायची. तेव्हा हेही मीच लिहिलं. मावशी शेजारी बसून सांगत होती, मोठी आई समोर बसून ऐकत होती.

"लिही. पोर खुशाल आहे. पण तिला चोरून खायची खोड आहे."

मी टाक थांबवला. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही गं. चांगलं ठळक लिही."

मी ठळक लिहिलं. गुरुजींनी वाखाणलेल्या अक्षरात.

त्यानंतर मोठ्या आईने माझं खोबरं, तूप, कालवण बंद केलं. नुसता भात आणि कोकमाचं पाणी. "आग विझू दे." एरंडेल मात्र दिलं नाही. कुणी शेजारीण म्हणाली, हिला द्या की चमचाभर, तर ती म्हणाली, "हिचं पोट नाही गो बिघडलं, बुद्धी बिघडलीय. तिला एरंडेल नसतं." पुटकुळ्या वाढल्या. पोरांनी गाणं केलं: साठं खाल्ली चोरून, तोंड आलं फुलून! मी पाण्याला निघाले की दोघं मागून टाळ्या वाजवत यायची.

हेच गाणं ऐकलं मासळीवाल्या कोळणीने. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून ती सुके बोंबील आणि जवळा घेऊन घरोघर हिंडायची. चाळिशीची असेल. पाटी उतरवून मागच्या पडवीत टेकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, त्वांडाचं काय झालं?"

धाकटा म्हणाला, "तिनं आमची साठं खाल्ली!"

"अन् म्हणून ह्ये उठलं?" ती खो खो हसली. "अरे, आंब्याच्या दिसांत म्या निस्ती साठं खाऊन ऱ्हाते. माझं त्वांड बघ, नारळावानी गुळगुळीत हाय का न्हाय? पळा थितनं." मग माझ्याजवळ सरकली आणि एवढ्या सहज विचारलं की लाजायला वेळच मिळाला नाही. "परसाकडं व्हतं का तुला?"

मी मान खाली घातली.

"कवा गेलतीस?"

"सोमवारी."

"आज शनवार गो बाय! अन् पानी? पानी पितीस?"

"फार नाही."

"का?"

मग मी सांगितलं. पाट, केवडा, साप, बायकांचं हसणं, सगळं. चार महिन्यांत इतकं मी कुणाशीच बोलले नव्हते. तिने मध्ये एकदाही हसू आणलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "येड्या पोरी, घरात केर साठवून ठेवला तर वास दारातनं येनारच. तुझं त्वांड म्हंजे दार. त्याचा काय दोस?"

दुसऱ्या खेपेला तिने बाहव्याच्या शेंगेतला काळा गर पानात बांधून आणला. सुपारीएवढा कोमट पाण्यात कालवून रात्री घे, सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर कढत पाणी पी, भाताची पेज टाकून देऊ नकोस, पीत जा. आणि औषधापेक्षा मोठं असं एक काम तिने केलं. वाडीच्या मागच्या पायवाटेने तिची रोजची जा-ये होती. पहाटे कुंपणापाशी थांबून ती हाक मारायची, "चल गो घाटावरचे!" हातात काठी. केवड्यात काठी आपटून साप असला तर त्याला शिव्या द्यायची, मला पुढे धाडायची आणि आपण पाठ करून उभी राहायची, मोठ्याने कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, म्हणजे मला संकोच वाटू नये. माझी कोण होती ती? कुणी नाही. तिचं मी काहीच फेडू शकले नाही.

आठ दिवसांत पोट हलकं झालं. डोकं दुखायचं थांबलं. भूक लागू लागली. पंधरा दिवसांत हनुवटी कोरी झाली, मग गाल. कपाळावर चार तपकिरी डाग राहिले, तेवढेच.

मला वाटलं, आता तरी. मी मोठ्या आईजवळ गेले आणि धीर करून म्हटलं, "मोठी आई, मला चार-चार दिवस परसाकडे होत नव्हतं. त्याने ते उठलं होतं. आता बरं झालं."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "होईल कसं? निम्मा डबा साठं पोटात बसल्यावर कुणाचं पोट हलेल? आता खाणं सुटलं, पोट सुटलं, तोंड सुटलं. मी काय निराळं सांगत होते?"

पुटकुळ्या होत्या तेव्हा मी खाते म्हणून होत्या. गेल्या, तर मी खाल्लं होतं हे त्याने पक्कं झालं. पुढच्या रविवारी तिने मला पायरीवर उभं करून आळीतल्या बायकांना दाखवलं. "बघा. कबुली दिली, हात आवरला, कसं चांदीसारखं तोंड झालंय पोरीचं. पोरगी वाईट नाही." बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने गालाला हातही लावला. मावशीही उभी होती. तीही म्हणाली, "हो ना. शहाणी झाली."

त्याच आठवड्यात आईचं उत्तर आलं. आईला लिहिता येत नव्हतं. पाकिटावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. पत्र गुरुजींनी लिहिलं होतं. म्हणजे माझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं होतं. चोरून खायची खोड आहे, ठळक. आत चार ओळी होत्या. तुझ्या पोटाला कमी पडलं हे माझं नशीब. भूक लागली तर मावशीकडे मागावं, चोरू नये. तुझ्या वडिलांचं नाव आहे. बाकी खुशाल. खाली गुरुजींनी स्वतःचं एक अक्षरही घातलं नव्हतं. शाळेत असताना माझ्या वहीखाली ते, अक्षर घोटत जा, एवढं तरी लिहायचे.

आईने माझ्यावर विश्वास ठेवला होता, मी जे लिहिलं त्यावर. तो कसा काढून घेऊ?

गणपतीच्या चार दिवस आधी डबा पुन्हा खाली आला. माझ्या कबुलीच्या दिवशी उरलेली साठं मोठ्या आईने स्वतः नीट रचली होती, फडकं स्वतः बांधलं होतं, आणि शिडी मी धरली होती. आता तिने हात घातला तर हात तळाला लागला. तीन-चार घड्या, बस्स.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड स्वच्छ होतं. आळीसमोर तिनेच ते स्वच्छ ठरवलं होतं. पोरांकडे बघितलं. मग तिची नजर सावकाश मावशीकडे गेली. मावशी वाती वळत होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, फोड नाही, डाग नाही. काही माणसांचं पोट सगळं पचवतं. फक्त तिच्या हातातली वात वळून झाली तरी ती वळतच राहिली होती.

मी वाट बघत होते. आता मोठी आई म्हणेल, तू ये गो, उजेडात हो.

मोठ्या आईने डब्याला फडकं बांधलं. "उंदीर फार झालेत," ती म्हणाली. "मांजर आणायला हवं."

माझ्या वेळी त्या घरात उंदीर नव्हते.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी मावशीला विचारलं. "मावशी, पहिल्या वेळीही तूच का?"

ती राखेने तपेलं घासत राहिली. म्हणाली, "पंधरा वर्षं झाली मला या घरात. रस मी काढते, ताटं मी उचलते. एक तुकडा कुणी माझ्या हातावर ठेवून, खा गो, म्हटलं नाही. मी शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात काय असतं, तू बघितलंयस."

"मग मला सांगायचंस. मी कुणाला बोलले असते का?"

"तुला काय सांगायचं? तुझं तोंडच तसं झालं होतं. म्हातारीने तुला धरलं, मी नाही."

"तू कबूल करायला लावलंस."

"तू चार दिवसांची," ती म्हणाली. अजून माझ्याकडे बघत नव्हती. "इथं चोर ठरलीस तर लग्न होऊन जाशील, नाव इथंच राहील. मला इथं मरायचंय."

"ते इथं राहिलं नाही, मावशी. आईला पत्र गेलं. गुरुजींनी वाचलं."

तेव्हा तिने हात थांबवले. तिचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही. "मग दुसरं लिही," ती म्हणाली. "लिही, उंदीर होते."

मी लिहिलं. उंदीर नाही लिहिलं. साठं मी खाल्ली नव्हती, एवढंच लिहिलं. मग कुणी खाल्ली ते लिहायला टाक उचलेना. तिने केस विंचरले होते, कपाळावर घड्या ठेवल्या होत्या, आणि आईला तिच्याखेरीज बहीण नव्हती. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मोठ्या आईने मात्र त्यानंतर मला कालवण दुप्पट वाढायला सुरुवात केली. मला वाटतं, तिला कळलं होतं. सुनेला चोर म्हणायचं तर घराची अब्रू जाते, पाहुणीला म्हटलं तर नुसती पाहुणी जाते. मी ते कालवण खाल्लं. काय करणार? भूक होती, आणि उपकारही होते.

पुढच्या शिमग्याला काका मला घाटावर पोचवून आले, आईला भेटायला. मामाच्या घराच्या मागच्या खोपटात ती राहत होती. माझं तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली. "चांगलं झालंय गं तोंड," म्हणाली. मग दाराकडे नजर टाकून तिने गोधडीच्या खालून फडक्यात बांधलेला गुळाचा खडा काढला. किती दिवस राखला होता कुणास ठाऊक. मुंग्या लागू नयेत म्हणून वर हळद चोळली होती.

"खा. इथं चोरून खायला नको तुला. मी ठेवलाय."

"आई, मी ती साठं खाल्ली नव्हती. खरंच नव्हती."

"बरं बरं," आई म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मी कुठं रागावले? लेकराला भूक लागतेच. खा आधी."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता. नुसती माफी होती. मी गूळ तोंडात टाकला आणि ती बघत होती म्हणून सगळा खाल्ला.